लेफ्तेरिसच्या नावाची मिठाई

संत एलेफ्थेरिओसचा दिवस म्हणजे ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत त्याच्यावरून नाव ठेवलेल्या यच्चयावत लेफ्तेरिसांचा सण; घरोघरी त्यांच्या नावाने मिठाई आणायची. मिठाईच्या दुकानात ही रांग. माझ्यापुढे एक आई आणि तिचा तिशीतला मुलगा.

“आई, आपल्या घरात लेफ्तेरिस आहेच कोण?”

“घरात नाही, इंटरनेटवर आहे एक. लेफ्तेरिस या नावाने कविता टाकतो. कुणी छापत नसेल बिचाऱ्याला.”

“त्यालाच नको असेल छापून.”

“तुला बरं ठाऊक! पुरुषावरच्या प्रेमाच्या कविता असतात. वाचक मोजके दहा-अकरा. त्यात मी आणि तुझी मावशी.”

“मावशीसुद्धा?”

“तिला ओ की ठो कळत नाही, पण दर कवितेला लाल बदाम टाकते.”

“आणि तुला... कशा वाटतात?”

“बऱ्या असतात. तो खलाशी सोडून गेला, हे पहिल्याच कडव्यात कळलं. पुढे पानभर कशाला रडायचं? आणि एका कवितेत म्हणे, आईला काही कळत नाही! नऊ महिने पोटात वाढवला तिने, तिला कळणार नाही?”

“आई, हळू बोल ना.”

“तू कशाला लाल होतोस, स्त्रातोस? तुझा काय संबंध?”

“काही नाही.”

“मग झालं तर. अहो ताई, अर्धा किलो बकलावा द्या. नाही, थांबा. परवाच्या कवितेत तो खलाशी परत आलाय. दोघं जेवायला आले तर पुरेल एवढा?”

मुलाने पुढे होऊन काचेतल्या बकलाव्याच्या ताटाकडे बोट दाखवलं.

“किलोभर द्या,” तो म्हणाला. “खलाशी भलता गोडखाऊ आहे.”