माझी मुलगी येईलच इतक्यात

...आणि वर म्हणे चहा घ्या! अहो, माझ्याच घरात, मीच केलेला चहा, आणि माझी सख्खी आई मला म्हणते, "घ्या ना खानूम, संकोच करू नका, माझी मुलगी येईलच इतक्यात!" मी म्हटलं, अगं आई, मीच तुझी लेक, तुझी माहलगा! तर म्हातारी गालात हसली, आपण एखाद्या अर्धवट पाहुणीकडे बघून हसतो ना, तशी, आणि म्हणाली, "हो हो, का नाही!"

सगळं त्या नाकापायी, तुम्हाला सांगते! बाबांनी मागे दोनच गोष्टी ठेवल्या, हा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि हे नाक. फ्लॅटचं छत गळतं आणि नाकाचं टोक... मी हसले की खाली उतरून ओठाला टेकायचं. पण आईचं सगळं त्यावरच चालायचं हो! डोळे अधू, आठवण त्याहून अधू, माझं नावसुद्धा विसरायची, पण सकाळी दारात उभी राहून मी हसले की टाळ्या पिटायची, "आली गं बाई माझी पोर!" आणि मी काय केलं? भावजयीचं ऐकलं! फरंगीस, माझ्या भावाची बायको, तिच्या लेकीच्या लग्नात भर मांडवात म्हणते कशी, "माहलगा जान, फोटोत हसू नकोस हं, नाक सरबतात बुडेल!" पन्नाशीला आलेली बाई मी, पण लागलं ना मनाला! महिन्याभरात झाले नाकाच्या ऑपरेशनला टेबलावर आडवी.

बरं, आमच्या तेहरानात नाकावरची पट्टी काय लपवायची असते? मिरवायची! संगक रोटीच्या भट्टीवर भट्टीवाल्यानं मला रांगेतून पुढे बोलावलं, "मुबारक असो खानूम, नाक केलंत वाटतं!" फरंगीसनं तिच्या वेळी चार महिने पट्टी लावली होती, डॉक्टर म्हणत होता काढा काढा, तर ही म्हणे अजून दोन लग्नं व्हायचीत! मीही मिरवली. मग पट्टी निघाली, आरशात बघितलं, नाक कसं चिमणीसारखं... आणि हसायला गेले तर वरचा ओठ हलेचना! लाकूड! साखरेचा खडा दातात धरून चहा प्यायला गेले तर सगळा चहा हनुवटीवरून गळ्यात!

डॉक्टरकडे गेले. तो नाकात बोलतो, स्वतःच्या नाकाचं काही केलेलं नाही. "टोक खाली ओढणारा स्नायू सोडवलाय हो, ओठ जरा रुसलाय. सहा महिने, खानूम, सहा महिने!" बाहेर आम्ही सात जणी बसलेल्या, सगळ्या नाक केलेल्या. कुणीतरी विनोद केला. सात गळ्यांतून हं हं हं आवाज आला आणि सात तोंडं... जशीच्या तशी! एक रेघ हलली नाही.

घरी आई मला बघून उठून उभी राहते! गुडघे गेलेत तिचे, तरी उभी! "आधी तुम्ही बसा." "नाही आई, तू बस." "छे छे, तुम्ही पाहुण्या!" पाव तास आमचं हेच. वर पाहुण्यांसाठीचे पिस्ते काढते, जे माझ्यापासून तीस वर्षं लपवून ठेवलेत! रात्री पाय चेपायला घेतले की लाजते, "खानूम, का हो मला ओशाळं करता, माझी मुलगी करेल ना." रडू आलं मला, खोटं कशाला सांगू? आणि रडतानाही ओठ हलला नाही. पण म्हटलं धीर धर, सहा महिने, खानूम, सहा महिने!

चौथ्या महिन्यातली गोष्ट. बाहेरून कुलूप लावून भाजी आणायला गेले, तासाभरानं आले, तर आईसमोर दोन पेले! दोन्ही रिकामे, दोन्ही अजून गरम. "कोण आलं होतं गं?" "अय्या, मुलगी आली होती माझी. काय हसली, काय हसली!" कुलूप जागच्या जागी, किल्ली माझ्या पिशवीत. विसरून स्वतःच प्यायली असेल दोन्ही, नाही का? तेवढ्यात बशीकडे लक्ष गेलं... साखरेचा अर्धा खडा. मी लहानपणापासून अर्धाच चावते, अर्धा ठेवते, बाबा ओरडायचे त्यावरून! आई तर साखरेला शिवत नाही. आणि मला, तुम्हाला सांगते, त्या दिवसांत खडा धरताच येत नव्हता!

कुणाला सांगणार? फरंगीसला सांगितलं तर म्हणाली, "सहा महिने थांब गं, सगळं बसतं जागेवर."

थांबले. सहा महिने झाले, डॉक्टरनं आरसा धरला, "हसा!" हसले. हललं की सगळं! सुंदर, अगदी सुंदर... फरंगीसचं हसू आहे ना, तेच. दवाखान्यातल्या त्या बाकी सहा जणींचं असेल, तेच. तरी धावत घरी आले, दारात उभी राहिले आणि जीव एकवटून हसले. आई बघत राहिली. मला वाटलं, आता टाळी वाजते...

"वा खानूम, काय गोड हसता!" म्हणाली, आणि मला जवळ बोलावून कानात सांगते, "काल मुलगी आली होती. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. पाय चेपतात, औषध देतात, पण येतात रोज, काय करू? तर ती म्हणाली, बाई मनानं चांगली दिसतेय, राहू दे तिला."

आता काय करता? हल्ली दुपारी मीच तीन पेले मांडते. तिसऱ्या बशीत अर्धा खडा रोज उरतो, मी उचलून टाकते, विचारत नाही. राहू दे म्हणालीये ना ती, तेवढं पुरे... उगाच मालकिणीचं मन कशाला मोडा!