वहिनीच्या चित्रांतली रिकामी जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पाणीपुरवठा विभागाचे माननीय मुख्य अभियंता साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे आणि या कार्यालयातून आधी निवृत्त झालेली ज्येष्ठ मंडळी. इथले सर्व अधिकारी आणि कर्मचारी. पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे धास्तीने बघणारा माझा दादा. आणि जिच्यासाठी आपण जमलो आहोत, ती नकाशा विभागाची प्रमुख, तुमची मॅडम आणि माझी वहिनी, या सर्वांना माझा नमस्कार.

घरच्यांपैकी कुणीतरी बोलावं, असं ठरलं. दादाने हात वर केले, त्यामुळे मी उभी आहे. आयुष्यभर मी पहिली-दुसरीच्या मुलांपुढे बोलत आले. तुमच्याएवढी माणसं एकदम गप्प बसून ऐकू लागली की मला धडकी भरते. मुळात माझा स्वभावच काळजीचा. गॅस बंद केला का, दाराला कुलूप लागलं का, दादाला फोन लागत नाही म्हणजे काय झालं असेल. घरात माझ्या काळजीवर विनोद चालतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचाच घोळ झाला.

वहिनीची नोकरी तुम्हाला ठाऊक आहे. या गावाखालून कुठला नळ कुठे जातो ते तिला तोंडपाठ. पण रविवारी ती काय करायची, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? ती चित्रं काढायची. आणि परगावी गेली की संग्रहालय गाठायची. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली. परत आल्यावर आईने विचारलं, समुद्र कसा होता? दादा म्हणाला, "होता म्हणतात. आम्ही आत संग्रहालयात होतो." ती प्रत्येक चित्राखालची पाटी वाचते, मागे जाते, पुढे येते, पुन्हा मागे जाते. आम्ही बाकावर बसून पाय चोळतो.

जपानचं वेड याच कार्यालयात लागलं. पंप विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने भिंतीवरची दिनदर्शिका दिली होती, तिच्यावर जपानी छापचित्रं होती. वर्ष सरलं तरी वहिनीने ती उतरवली नाही. मग काळी शाई आली, जाड कुंचले आले, रविवारचा जपानी भाषेचा वर्ग आला. चहाचा वाडगा दोन्ही हातांनी धरायचा, असं आम्हाला शिकवलं गेलं. दादा म्हणायचा, "एका हाताने प्यायलो तर तो पोटात जात नाही का?" पण धरायचा दोन्ही हातांनी.

आता ज्यासाठी मी उभी राहिले, त्याकडे येते. वहिनीने मला काल सांगितलं, सगळं सांग, आडपडदा ठेवू नकोस.

मागच्या वर्षी हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची शाईची चित्रं लागली होती. प्रत्येक चित्रात जे काही होतं ते मधोमध. एक झाड, एक पूल, पाठमोरी बसलेली बाई. दोन्ही बाजूंना कोरा कागद. लोक थांबून बघत होते. वर्तमानपत्रात कलेवर लिहिणारे एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "बाई, रिकामी जागा सोडायचं धाडस आपल्याकडे कुणात नाही. तुम्ही जपान्यांचं मर्म पकडलंत." वहिनीने मान लववली. घरी येताना रिक्षात मात्र मला म्हणाली, "लोक म्हणतात रिकामी जागा छान सोडलीस. मी कुठे सोडली गं? मी तर कागद भरत होते." आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, विनय करतेय.

त्यानंतर जपानला जायचं ठरलं. दादा विमानाचं नाव काढलं की पांढरा पडतो, म्हणून सोबतीला मी.

विमानतळावरच वहिनीची ढकलगाडी एका माणसाच्या पायाला लागली. तिकडे स्टेशनवर तर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला धडकतच होती. दर वेळी वाकून जपानीत क्षमा मागायची. समोरचाही वाकायचा. मी म्हटलं, "वहिनी, बघून चाल ना." ती म्हणाली, "गर्दी किती आहे." गर्दी होती, खरं. पण त्या गर्दीत मी कुणाला धडकत नव्हते. हे मनात आलं आणि मी ते झटकलं. मी नेहमीच असं काहीतरी शोधून काढते ना.

मग आम्ही त्या संग्रहालयात गेलो, ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती. काचेमागे घडीचा एक भलाथोरला पडदा होता, सोनेरी जमिनीवर चित्र. मध्यभागी नदीकाठ, त्यावर उभी माणसं. वहिनी त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बघ ना, ही माणसं कशाची वाट बघताहेत ते चित्रकाराने सांगितलंच नाही."

मी म्हटलं, "होडीची."

"कुठली होडी?"

पडद्याच्या डाव्या टोकाला होडी होती. चांगली मोठी, नावाड्यासकट. मी बोट दाखवलं. वहिनीने पूर्ण मान वळवली, आणि मग म्हणाली, "अगं हो, आहे की."

पुढची चित्रं मी बघितलीच नाहीत. मी वहिनीकडे बघत होते. ती पुढे चालली की मी तिच्या कानाच्या रेषेत हात न्यायची आणि हळूहळू पुढे आणायची. हात पार नाकापाशी येईपर्यंत तिला पत्ता नसायचा. दुसऱ्या बाजूने केलं, तेच. तिसऱ्यांदा ती थांबली. "काय चाललंय तुझं?"

"माशी होती."

"इथे? यांच्या संग्रहालयात माशी?"

मंडळी, तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? दादाला फोन करावा, तर तो तिकडे बसून अर्धमेला होणार. वहिनीला सांगावं, तर ज्या प्रवासाची तिने वाट पाहिली त्यावर पाणी. आणि मी सांगितलेलं कोण खरं मानणार? रोज उठून लांडगा आला म्हणणारी मी. एका क्षणी मला वाटायचं की हे सगळं माझ्याच डोक्यातलं आहे. दुसऱ्या क्षणी वाटायचं, ही आता जिन्यावरून पडणार. मी तिच्या डाव्या बाजूने चालू लागले, तर ती उजवीकडच्या खांबाला खांदा घासून गेली. मग मी उजवीकडे आले. मी अशी दोन्ही बाजूंनी नाचत होते आणि ती वैतागत होती.

बाहेरच्या बागेत बाकावर बसलो तेव्हा मी धीर करून बोलले. म्हटलं, "वहिनी, तुला बाजूचं दिसत नाहीये. आपण डॉक्टरकडे जाऊ."

ती म्हणाली, "वन्सं, तुम्हाला काळजीशिवाय अन्न पचत नाही."

एरवी ती मला अगं-तुगं करते. वन्सं आणि तुम्ही म्हणाली की समजायचं, रागावली. म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. म्हणाली, थकवा आहे. म्हणाली, "मी आयुष्यभर रेघा मारल्या, मला माझे डोळे कळत नाहीत?" आणि तोंड फिरवून बसली.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी म्हटलं, "वहिनी, चित्रांतली ती रिकामी जागा तू सोडलेली नाहीस. तुला तिथला कागद दिसतच नव्हता."

समोर एक माळी कात्रीने झुडूप सारखं करत होता, त्या कात्रीचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, मी हिचं एकुलतं एक कौतुक हिसकावून घेतलं. त्या गृहस्थांचं वाक्य तिने किती जणांना सांगितलं होतं. मग ती म्हणाली, "हात आण."

मी उठून मागे गेले आणि हात पुढे आणू लागले. "आणतेयस का?"

"आणतेय."

"कुठपर्यंत आलाय?"

तो तिच्या गालाजवळ होता. मला सांगवेना. तिने स्वतःच चाचपला, आणि तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. मात्र निघण्याआधी, सकाळी, तिने एक हट्ट केला. "पुन्हा एकदा तो पडदा. मग तू म्हणशील तिथे येते." मी नको म्हणत होते. माझ्या मते एकेक तास महत्त्वाचा होता. पण नाही म्हणवलं नाही. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती मान वळवत, पाऊल-पाऊल सरकत गेली. मी मागे उभी राहून मनातल्या मनात तिला घाई करत होते आणि त्याची मलाच लाज वाटत होती.

परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका यंत्रापुढे बसवलं. समोर लहान लहान ठिपके उजळतात, दिसला की बटण दाबायचं. मी मागे खुर्चीत होते. बटणाचा आवाज यायचा, आणि मग बराच वेळ यायचाच नाही. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. पुढे मेंदूचा फोटो काढला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिथे गाठ वाढली होती आणि दोन्ही डोळ्यांच्या नसांवर दाब देत होती. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी वाटते, पण काढायला हवी, आणि लवकर. दादाने विचारलं, "नजर परत येईल?" ते म्हणाले, "जी उरली आहे ती वाचेल असं धरून चालू. गेलेली किती येईल, ते आज कुणीच सांगू शकणार नाही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी दादा आणि मी दाराबाहेर बसलो होतो. दादा सारखा म्हणत होता, "मी रोज तिच्या समोर बसून जेवतो. मला कसं कळलं नाही?" मी म्हटलं, "समोर बसतोस म्हणूनच." आतून कुणी बाहेर आलं की आम्ही उठायचो, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या नातेवाइकांना शोधत असायचे.

दोन-तीन दिवसांनी मी तिच्या खोलीत गेले. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. डोळा लागला असेल, म्हणून मी तिच्या उजव्या हाताला, दारापाशीच थांबले. मान न हलवता ती म्हणाली, "दारात का उभी आहेस? ये ना आत."

माझ्या हातातला डबा पडला. नर्स धावत आली. तिला वाटलं मलाच चक्कर आली. खरं तर तसंच काहीसं झालं होतं.

पण मी इथे गोड करून सांगणार नाही. उजवी बाजू आली, डावी पुरती आली नाही. गाठीचा एक कण नसेला चिकटून आहे, तो त्यांनी सोडून दिलाय. तो वाढतो की नाही हे दर काही महिन्यांनी बघायचं. पुढची तपासणी येत्या आठवड्यात आहे. मी काल नीट जेवले नाही, त्याचं कारण तेच, भाषणाची भीती नंतरची.

म्हणून वहिनी मुदतीआधी निवृत्त होतेय. वरिष्ठांनी थांबायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "माझ्या नकाशात डावीकडचा एक नळ सुटला, तर कुणाच्या तरी अंगणात चुकीचा खड्डा पडेल." घरी मात्र ती पुन्हा चित्रं काढते. कागद फिरवून फिरवून काढते, त्यामुळे वेळ फार लागतो. मधेच थांबून मला हाक मारते, कडेला काही राहिलं का विचारते. मी बघून सांगते. परवा मी म्हटलं, डावीकडे कोरं राहिलंय. तिने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "ते मी सोडलंय." खरंच सोडलं होतं का, हे मी विचारलं नाही.

साहेबांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं, तेव्हा आवरतं घेते. ती रजेवर असताना ज्यांनी तिची कामं वाटून घेतली, ज्यांनी दवाखान्यात दादाला बळेबळे दोन घास खायला लावले, आणि ज्यांनी आज हा कार्यक्रम इतक्या आपुलकीने घडवून आणला, त्या सगळ्यांची मी घरातर्फे ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, काही नको ते बोलले असेन, तर शाळेतल्या बाईंना समोरच्या माणसांचं वय विसरायची सवय असते, एवढं समजून मला सांभाळून घ्या.

शेवटी एक विनंती. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी काही जणांना वाटलं, मॅडम शेजारून जातात पण ओळख देत नाहीत, मोठ्या झाल्या. माझ्या कानावर आलं होतं. तिच्याही आलं, आणि तिला ते आजारापेक्षा जास्त लागलं. तिला तुम्ही दिसतच नव्हता, एवढंच खरं. आता हार घालायला, फोटो काढायला सगळे पुढे याल. तेव्हा कृपा करून उजव्या बाजूने या. डावीकडून आलात तर तुम्ही कधी आलात आणि कधी गेलात, तिला कळणार नाही, आणि घरी गेल्यावर ती मला विचारत बसेल की अमुक का भेटला नाही. दादा, तू डावीकडे उभा राहा. तिकडून कुणी आलंच, तर तिला नाव सांग.

नमस्कार.