फवारणीचा शर्ट

माही पोरगी सुखरूप झाली, त्यात एका पेशंटचाही हात आहे, सांगते. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा झालेली माणसं तवा आमच्या यवतमाळच्या दवाखान्यात रोज येत होती. मी वॉर्डात सिस्टर, सहावा महिना चालू. एक दिवस फुलसावंगीकडचा एक शेतकरी आला, शर्ट औषधानं ओलाचिंब. मी घाईघाईत बटनं काढाले गेली, तं त्यानं माहा हात बाजूले केला.

"तुमी नका हात लावू, ताई."

"काहून? शर्ट अंगावर राह्यला तं विष आणखी भिनन."

"भिनू द्या. तुमच्या पोटात लेकरू आहे."

त्याले धड श्वास घेता येत नव्हता, पण शर्ट सोडत नव्हता. शेवटी आमच्या इन्चार्ज शबाना सिस्टरनं मले मागं ओढलं, ग्लोव्हज-एप्रन घालून स्वतः त्याले धुतलं. माही बाळंतपणाची सुट्टी लागेपर्यंत असा पेशंट तिनं माह्याकडं येऊ देल्ला नाही.

तो बरा झाल्यावर मी आभार मानाले गेली. तो लाजला.

"माह्या बायकोलेही दिवस आहेत, ताई. तिले मी फवारणीच्या वावरात पाय ठेवू देत नाही. मंग तुमाले कसं हात लावू देऊ?"