घरातच फिरणारी हाक

मुखेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी अजून लागली नव्हती. बाकावर शेजारी बसलेल्या मायलेकींचं बोलणं दगडोबा गुरुजींच्या कानावर पडत होतं.

"जाता जाताबी कसले आकडे बघून राहिलीस, दामिनी?"

"कंपनीतल्या कॉम्प्युटरचे पत्ते हायेत, आई. लातूरच्या हापिसाला नि नायगावच्या हापिसाला कुणीतरी एकसारखेच पत्ते देऊन ठेवलेत."

"मग काय बिघडलं?"

"लातूरहून नायगावला निरोपच जात न्हाई."

"वाट बंद हाय का?"

"वाट चांगली हाय गं. पण पत्ता बघून कॉम्प्युटरला वाटतं, हा तर आपल्याच घरातला. मग घरातच शोधत बसतो, बाहेर धाडतच न्हाई."

"असं व्हय!"

"हसायला काय झालं?"

"माझंबी तसंच हाय की. तू लातूरला ऱ्हातीस, तरी सकाळी चहा उकळला की मी अजून हाक मारते, 'दामिनी, ऊठ गं.' घरातच फिरते ती हाक."

लातूरची गाडी लागली. गुरुजींनी पिशवी उचलली, पण ते जागचे हलले नाहीत.

"आई, आता मार बरं हाक."

"चारचौघांत? येडी हायस का?"

"मार की."

"दामिनी, ऊठ गं."

"उठले, आई," असं म्हणून दामिनी गाडीकडे निघाली.