बोलणारे ते, तोंड माझं

आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे, पण माझा जन्म बोरीवलीचाच, बाबा महापालिकेत पाण्याच्या लाइनवर फिटर, आणि आमच्या विहारात एकदा जपानहून भंतेजी आलेले, ते काय बोलले कुणालाच कळलं नाही तरी सगळे हात जोडून बसलेले, तर बाबा घरी येऊन म्हणाले, वैशाली, ही भाषा आपल्यात कुणाला तरी आली पाहिजे. झालं. मी जपानी शिकले. शिक्षण माझं बीकॉम, कोडिंग मला काडीचं येत नाही, लोकांना वाटतं आयटी म्हणजे कोडिंगच, तसं नसतं हो, जपानच्या क्लायंटला इंग्रजी जमत नाही, आमच्या पोरांना जपानी येत नाही, मधे कुणी तरी लागतंच ना, ती मी, अंधेरीच्या एका कंपनीत, बरीच वर्षं.

मला ती नोकरी का प्यारी होती, काय सांगू तुम्हाला, आडनावामुळे. इथे आडनाव सांगितलं की समोरचा जरासा थांबतो, मग हसतो, ते थांबणं मला लहानपणापासून पाठ आहे. जपान्यांना त्यातलं काही कळत नाही. तिकडचे मॅनेजर ओगावासान, ते मला तायडेसान म्हणायचे, सान म्हणजे आपलं जी, आणि थांबायचे नाहीत. तेवढ्यासाठी मी ती नोकरी मरेपर्यंत केली असती.

आता दुभाष्याचा एक नियम असतो, ओगावासान म्हणाले मला राग आला, तर मीही मला राग आला असंच म्हणायचं, ते म्हणतायत असं जोडायचं नाही, आपण तिथे नसतोच. टेस्टिंगची सुनीता, माझी मैत्रीण, मीच तिला तिथे लावलेली, ती मलाच ओगावासान धरून चिडवायची, काय गं, आज टोकियोत पाऊस आहे का तुझ्याकडे. मीही हसायचे.

मग ती मीटिंग. सगळी टीम खोलीत, स्क्रीनवर ओगावासान, बसलेले नाहीत, उभे. मला आधी काही सांगितलं नव्हतं, वाक्य येईल तसं मी हिंदीत सांगत गेले. मी फार दिलगीर आहे, असं मी म्हटलं. अंधेरीचं काम मी बंद करतोय, असं मी म्हटलं. सुनीता स्क्रीनकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग पुढचं वाक्य आलं, तेही मी सांगितलं, दुभाष्याचं काम यापुढे मशीन करेल, तायडेसाननी खूप साथ दिली, मी त्यांचा आभारी आहे. आवाज हलला नाही माझा. ते कमरेत वाकले, बराच वेळ, आणि सवयीने मीही वाकले, आमच्याच पोरांसमोर, जसं काही मीच त्यांना घरी पाठवलं.

लिफ्टपाशी सुनीता म्हणाली, तुला माहीत होतं ना गं, निदान मला तरी सांगायचंस. नव्हतं माहीत. पण तेवढं बोलायलाही माझं तोंड उघडलं नाही, दिवसभर दुसऱ्याचं बोलून झालं होतं. तिला दुसरीकडे लागलं काम, बरं झालं, फोन मात्र करत नाही. मला रडू नाही आलं, अजून नाही. आई म्हणते रड बाई एकदा, मोकळी होशील. मी भांडी घासायला घेते.

आता घरूनच मशीनने केलेली भाषांतरं तपासते, त्याच्या चुका काढायच्या, त्याही कमी होत चालल्यात. रविवारी दोन-चार पोरी येतात जपानी शिकायला. विचारतात, ताई, कोडिंगशिवाय आयटीत लागेल ना नोकरी? लागते, मी सांगते, टेस्टिंगला लागते, सपोर्टला लागते, क्लायंट सांभाळायला लागते, खोटं कशाला बोलू. लागो बाबांनो सगळ्यांना. आणि ज्या दिवशी कुणाला नोकरी गेल्याचं सांगायचं असेल ना, त्या दिवशी तुमची सुट्टी असो.