दोघांना मिळून एकच हार

कशाला पुन्हा सांगायला लावता रे? एकदा ऐकून पोट भरलं नाय का? बायको गेली, तेव्हा घरात तिचा एकटीचा फोटोच नव्हता. दोघांचा होता, तोच घेऊन श्रद्धांजलीचा बॅनर करायला बोईसरला बॅनरवाल्याकडे गेलो. त्याच्या कॉम्प्युटरवर हार, दिवा, फोटो सगळं सुटं असतं. हल्ली तो माऊसला हात लावत नाय, एआयला नुसतं सांगतो आणि ते सगळं जागेवर सरकवतं. त्याने सांगितलं, "हार फोटोच्या मधोमध घे." एआयने घेतला. दोघांना मिळून एकच हार. बॅनरवाल्याने न बघता छापला आणि आमच्या घिवलीच्या नाक्यावर लावूनही टाकला.

दहाव्याला दातिवऱ्याहून मेव्हणा जनार्दन आला. नाक्यावरचा बॅनर बघून आलेला, मला जिवंत बघून दारातच थबकला. मी म्हटलं, "कॉम्प्युटरची चूक हाय, उतरवतो."

तर रडत म्हणतो, "चूक कसली, भावोजी? तुमीच जायचं होतं. माझी बहीण तरी राहिली असती."

खोटं नाय बोलला. मीही मनात तेच म्हणत होतो. पण घरभर माणसं असताना बोलायचं का? बॅनरवाला येऊन पाया पडून गेला. माफी मागायची राहिलीय ती जनार्दनने.