वीसपैकी शून्य

नाही, बसत नाही, उभीच बरी आहे — तुम्ही पियानोच्या खुंट्या पिळणं चालू ठेवा, काका, त्या आवाजाची मला सवय आहे. हो, मघाशी पलीकडच्या खोलीत परीक्षा झाली ती माझीच. वीसपैकी शून्य मिळाले तेही मलाच. बातमी तुमच्यापर्यंत आली म्हणजे भिंती पातळ आहेत. सकाळच्या गाडीने आलो, बाबा आणि मी — प्रवेश घेण्याआधी संगीतशाळा एकदा डोळ्यांखालून घाला असं पत्रात लिहिलं होतं, तशी घातली. जिने स्वच्छ आहेत, खिडक्या नीट लागत नाहीत, आणि सरावाच्या आठ खोल्यांपैकी तीन खोल्यांत खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. मग मी पियानो वाजवला. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही — ‘हात तयार आहे’ असं परीक्षक बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या. त्यानंतर मला पियानोकडे पाठ करून उभं केलं. बाई एकेक पट्टी दाबणार, मी नुसतं ऐकून तिचं नाव सांगायचं — काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. वीस पट्ट्या. वीसही चुकल्या.

आता तुम्हीच विचार करा, तुमचं आयुष्य यात गेलं आहे. बारा पट्ट्यांतली एक ओळखायची, आणि तेही वीस वेळा — ठार बहिरा माणूस तोंडाला येईल ते नाव घेत सुटला तरी एखाददुसरं बरोबर यायचं. वीसपैकी शून्य मिळवायला कान लागतो, काका. हसा, हसायला हरकत नाही, पण मुद्दा खोडून दाखवा. त्यांनी पांढरी एक दाबली, मी म्हटलं काळी एक. त्यांनी पांढरी तीन दाबली, मी म्हटलं पांढरी चार. दर वेळी एकच घर वर, ना कमी ना जास्त. जो एकाच मापाने चुकतो तो चुकत नाही, त्याचं माप निराळं असतं. हे परीक्षकांच्या लक्षात यायला नको? तिघे बसले होते, त्यांतले एक सर तर पेन्सिलीला टोक काढत होते. आणि निकाल काय — प्रवेश देतो, पण आधी एक वर्ष कानाच्या वर्गात बसा. कुणाबरोबर? आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर. मी एकोणीस वर्षांची आहे, त्या बाकात माझे गुडघे मावणार नाहीत. कबूल आहे की नाही ते आत्ता, बोलावतील तेव्हा आत जाऊन सांगायचं.

बरोबर ओळखलंत. घरचा पियानो अर्धा सूर, म्हणजे बरोबर एक घर, उतरलेला आहे. नाही, दुर्लक्ष नाही — मुद्दाम उतरवलेला. एक जुनं हॉटेल पाडत होते, तिथून बाबांनी तो हातगाडीवर घालून आणला, मी तेव्हा तीन वर्षांची. खुंट्या धरणारी आतली फळी चिरलेली. पुरा ताण दिला तर खुंट्याच सैल पडायच्या. म्हणून त्यांनी सगळाच्या सगळा अर्धा सूर खाली लावला, आणि तोही असा की एक तार दुसरीशी भांडत नाही. हो, तेही हेच काम करतात. खाली बाकावर बसलेत, तुमच्यासारखीच पिशवी घेऊन. मुलीच्या प्रवेशाला हत्यारं कशाला, म्हणून आई ओरडली, तर म्हणाले, रिकाम्या हातांचं काय करू.

बारा वर्षांची असताना मी त्यांच्याबरोबर एका घरी गेले होते. त्यांनी पियानो लावून संपवला, मी दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हटलं, बाबा, हा चढा आहे. सगळ्यांचेच पियानो चढे का असतात? ते खुंट्या पिळायची चावी पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, ‘असतात काहींचे.’ एवढंच. मग घरी येईपर्यंत पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत राहिले. उतरलेला आमचाच आहे, हे मला त्या रस्त्यातच कळलं.

म्हणजे — हो. तुमचा प्रश्न समजला. चेहऱ्यावर दिसतोय, तोंडाने विचारायची गरज नाही. माहीत होतं तर एक घर खाली उतरून नाव का सांगितलं नाही? त्यात अवघड काय होतं? काहीच नव्हतं. वाजवतानाच बोटं एक सांगत होती आणि कान दुसरं. पहिल्या पट्टीलाच मला हिशेब स्वच्छ होता. बिचकले, गोंधळले, असं मी आईला सांगणार आहे. तुम्हाला नाही सांगत. पहिल्या दोन पट्ट्यांना सवयीने घरचं नाव तोंडातून गेलं, पण तिसऱ्या पट्टीला तर मी खरं नाव घ्यायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात दाराबाहेर पिशवीतली हत्यारं वाजली. बाबा दाराला कान लावून उभे होते. मी ‘पांढरी तीन’ म्हणाले असते, तर सात वर्षं मला ठाऊक होतं हे त्यांना त्या दाराआडून कळलं असतं. म्हणून घरचं नाव घेतलं. मग पुढची सतराही घरचीच घेतली — आणि त्यातल्या एकाचाही मला पश्चात्ताप नाही, हे लिहून घ्या.

पण मी बाहेर आले तर ते पिशवीचा पट्टा आवळत होते, घट्ट असलेला पट्टा. म्हणाले, मी आत जाऊन सांगतो, मुलीचा कान नाही, माझा पियानो उतरलेला आहे. मी म्हटलं, पाऊल टाकायचं नाही. गावातले निम्मे पियानो ज्यांच्या हातचे, त्यांनी पेन्सिलीला टोक काढणाऱ्या माणसासमोर उभं राहून हे सांगायचं? आणि तुमच्या धंद्यात चार माणसं, चौघे एकमेकांना ओळखता, संध्याकाळपर्यंत ही गोष्ट —

तुम्ही ओळखता त्यांना. नाही, मान हलवू नका. मघाशी पिशवीचं नाव काढलं तेव्हाच तुमचा हात थांबला होता.

बरं. बोलून बसले ते बसले. मला बोलावताहेत — आले, बाई, एक मिनिट. काका, एक काम करा, मी पाठ फिरवते, कुठलीही एक पट्टी दाबा.

पांढरी सहा. घरी काळी पाच.

दुसरी.

काळी एक. घरी पांढरी दोन. असंच सांगणार आहे आत. वीस पट्ट्या पुन्हा दाबा म्हणावं, दोन्ही नावं सांगते, आणि दुसरं नाव कुठून आलं हे कुणी विचारायचं नाही. त्यावरही लहान मुलांत बसवायचं असेल तर संध्याकाळची गाडी आहेच. तुम्ही खाली उतरलात की बाबा विचारतील, पोरगी इतका वेळ काय बोलत होती. सांगा, हा पियानो चढा आहे का, एवढंच विचारत होती. आणि तुम्ही म्हणालात, असतात काहींचे.

लावा आता. तिसरी खुंटी अजून सैल आहे.